टोयोटा बिघडत नाही म्हणतात, ते कितपत खरं?

प्रश्न असा आहे: घरासाठी जुनी इनोव्हा बघितली आहे, २.५ लिटर डिझेल, दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली. मालक किंमत सोडायला तयार नाही. का म्हणून विचारलं तर म्हणतो, ‘टोयोटा आहे, काही होत नाही.’ तेवढ्याच पैशात दुसऱ्या कंपनीची बरीच अलीकडची गाडी मिळते. मग टोयोटाचं हे नाव कमावलेलं आहे की नुसती हवा आहे?

नाव कमावलेलं आहे. पण ‘काही होत नाही’ हे वाक्य टोयोटातला इंजिनिअर तोंडातून काढणार नाही. त्या कंपनीचा मोठेपणाच मुळी ‘काहीतरी होणारच, ते लवकर कसं कळेल आणि कळल्यावर काम कसं थांबवायचं’ या विचारातून आला आहे. हा विचार जिथे ढिला पडला तिथे टोयोटाही आपटली आहे, आणि चांगली जोरात आपटली आहे. माझी नोकरी पिंपरी-चिंचवड पट्ट्यात, सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या क्वालिटी खात्यात गेली. जपानी गिऱ्हाइकांची ऑडिटं अंगावर घेतली. आता ओळखीच्यांना जुन्या गाड्या तपासून देतो. उत्तर लांबणार आहे. फक्त गाडीपुरतं हवं असेल तर सरळ शेवटाकडे जा.

सुरुवात मागापासून होते. साकिची टोयोडा १८६७ साली, सध्याच्या शिझुओका प्रांतातल्या कोसाई भागात एका सुताराच्या घरी जन्मले. आजूबाजूचा सगळा मुलूख सुताचा आणि कापडाचा. (जवळच्याच हामामात्सुमध्ये १९०९ साली मिचिओ सुझुकी यांनीही मागाचाच कारखाना काढला. आज एकमेकींच्या गाड्या आपापल्या नावाने विकणाऱ्या या दोन कंपन्या एकाच विणकरी पट्ट्यातल्या.) साकिचींनी हातमागापासून सुरुवात केली आणि १९२४ मध्ये ‘टाइप जी’ नावाचा स्वयंचलित माग पुरा केला.

हा माग जरा जवळून बघा. ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांवर धातूच्या पातळ पट्ट्या लटकवलेल्या असतात. धागा ताठ आहे तोवर पट्टी वर राहते. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग बंद होतो. इचलकरंजी-मालेगावच्या वाचकांना याचं मोल सांगायला नको. तुटलेला धागा कुणाच्या लक्षात आला नाही तर पुढचं सगळं कापड सदोष निघतं, म्हणून मागावर सतत डोळा ठेवायला माणूस लागायचा. माग आपला आपण थांबायला लागल्यावर एकच कामगार कितीतरी माग सांभाळू लागला, कारण त्याला आता फक्त थांबलेल्या मागाकडे धावायचं होतं. चूक झाल्याक्षणी यंत्राने थांबायचं, रेटून पुढे जायचं नाही. टोयोटात याला ‘जिदोका’ म्हणतात, आणि ते कंपनीच्या पहिल्या गाडीच्या आधीचं आहे.

१९२९ मध्ये या मागाचे हक्क इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सना देण्याचा करार झाला, रक्कम ठरली १ लाख पौंड. कापडाची यंत्रं जगाला विकणाऱ्या लँकेशायरने जपानी मागासाठी पैसे मोजावेत, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. साकिची पुढच्याच वर्षी वारले. त्यांचे चिरंजीव किइचिरो यांनी १९३३ मध्ये मागाच्या कारखान्यातच मोटार विभाग उघडला. जपानच्या बाजारात तेव्हा फोर्ड आणि जनरल मोटर्सची सद्दी होती. दोघींचे जुळणीचे कारखाने जपानमध्येच होते. किइचिरोंनी शेवरोलेचं इंजिन समोर ठेवून स्वतःचं इंजिन ओतलं आणि क्रायस्लरच्या एअरफ्लोवरून गाडीचा आकार घेतला. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, शिकणारा प्रत्येकजण तेच करतो.

१९३५ च्या नोव्हेंबरात टोयोटाचा पहिला ट्रक, जी-१, लोकांसमोर आला. आज ‘बिघडत नाही’ म्हणून मिरवणाऱ्या कंपनीचा हा पहिला माल सतत बिघडायचा. मागचा अॅक्सल, स्टिअरिंगचे भाग, कुठे ना कुठे काहीतरी तुटायचंच. विक्री सांभाळायला शोतारो कामिया यांना जनरल मोटर्समधून आणलं होतं. त्यांनी पळवाट शोधली नाही. सुरुवातीचे ट्रक कारखान्यापासून फार लांब विकायचे नाहीत, ट्रक बंद पडला की माणूस पाठवायचा, फुकट दुरुस्त करून द्यायचा आणि काय तुटलं ते कारखान्याला कळवायचं, असा खाक्या ठेवला. १९३६ मध्ये पहिली मोटार आली आणि २८ ऑगस्ट १९३७ रोजी टोयोटा मोटर ही वेगळी कंपनी झाली.

युद्धाचा काळ मी सोडून देतो. खरी कसोटी १९५० ची. सरकारने महागाई रोखायला पैशाचा पुरवठा आवळला, गिऱ्हाइकांचे हप्ते थकले आणि टोयोटा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. बँकांनी पैसे दिले ते अटी घालून. विक्रीची कंपनी वेगळी काढायची, बनवणाऱ्यांनी विकलं जाईल तेवढंच बनवायचं आणि माणसं कमी करायची. संप झाला, दोन हजारांवर कामगार गेले. नोकऱ्या जाणार नाहीत असा शब्द किइचिरोंनी दिला होता. तो मोडला म्हणून त्यांनी जून १९५० मध्ये अध्यक्षपद सोडलं. त्याच महिन्यात कोरियाचं युद्ध पेटलं, अमेरिकी लष्कराच्या ट्रकच्या ऑर्डरी आल्या आणि कंपनी तरली. किइचिरो मात्र १९५२ मध्ये, वयाच्या साठीच्या आतच गेले.

मॅनेजमेंटच्या कोर्समध्ये ‘जस्ट इन टाइम’, म्हणजे लागेल तेव्हा लागेल तेवढंच, ही पद्धत शिकवतात तेव्हा हा संदर्भ गाळतात. ती पद्धत चैनीतून आली नाही, कडकीतून आली. गोदामात माल भरून ठेवायला पैसाच नव्हता. ताइइची ओनो नावाचा, सूतगिरणीतून मोटारीत आलेला माणूस मशीन शॉप बघत होता. त्याने उलटीकडून विचार केला: पुढच्या खात्याने मागच्या खात्याकडे जाऊन हवं तेवढंच घ्यायचं, आणि घेतलं तेवढंच मागच्याने पुन्हा बनवायचं. अमेरिकेतल्या सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाईक फडताळातून लागेल तेवढं उचलतं आणि दुकानदार तेवढीच जागा भरतो, ही कल्पना त्याने उचलली. किती हवं ते सांगायला खात्याखात्यांत चिठ्ठी फिरवायची, ती ‘कानबान’. साठा कमी ठेवण्याचा फायदा पैशापुरता नाही. पाचशे नगांचा ढीग असला की त्यातले वीस खराब निघाले तरी काम चालू राहतं आणि कुणी मुळाशी जात नाही. ढीगच नसला की एका खराब नगापाशी सगळ्यांना थांबावं लागतं, आणि मग मूळ शोधण्यावाचून इलाज नसतो.

लाइनवरची दोरी हेही त्याच जातीचं. जुळणी करणाऱ्याला काही चुकीचं दिसलं की त्याने डोक्यावरची दोरी ओढायची. वरच्या फलकावर, म्हणजे ‘अंडोन’वर, त्या जागेचा दिवा लागतो आणि टीम लीडर धावत येतो. लाइन त्याच क्षणी थांबत नाही, ठरलेल्या खुणेपर्यंत सरकते. तेवढ्यात अडचण सुटली तर दोरी पुन्हा ओढायची आणि काम चालू. नाही सुटली तर खुणेवर लाइन उभी. आमच्याकडेही अशी दोरी लावलेला कारखाना मी पाहिला आहे. दोरी होती, दिवे होते, भिंतीवर जपानी शब्दांचे फलक होते. दोरी ओढणाऱ्याकडे सुपरवायझर असा बघायचा की पुढच्या वेळी तो पोरगा खराब नग गुपचूप बाजूला सारायचा. दोरीला खर्च काही नाही हो. दोरी ओढणाऱ्याला ‘बरं केलंस’ म्हणणारा वरिष्ठ तयार करायला वर्षं लागतात.

‘जपानी माणूसच शिस्तीचा, आपल्याला नाही जमायचं’ हे मी आयुष्यभर ऐकलं. त्याला उत्तर कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये मिळालं. जनरल मोटर्सने बंद केलेला तिथला कारखाना तिने आणि टोयोटाने भागीदारीत १९८४ मध्ये सुरू केला. नाव नुम्मी. जुन्या कारखान्यातली गैरहजेरी, भांडणं आणि भिकार माल बदनाम होता. कामगार बव्हंशी तेच घेतले, संघटनाही तीच. पद्धत टोयोटाची. थोड्याच काळात त्या गाड्यांचा दर्जा जपानमधल्या गाड्यांच्या जवळ जाऊन बसला. जनरल मोटर्सला मात्र हेच आपल्या बाकीच्या कारखान्यांत उतरवायला बरीच वर्षं झगडावं लागलं. २०१० मध्ये नुम्मी बंद झालं. आता त्या जागेत टेस्ला गाड्या बनवते.

गाड्यांकडे वळू. १९५५ मध्ये क्राउन आली, जपानच्या खडबडीत रस्त्यांसाठी दणकट बांधलेली. हुरूप येऊन १९५७ मध्ये ती अमेरिकेला पाठवली आणि तिथे तोंडघशी पडली. १.५ लिटरचं इंजिन तिथल्या महामार्गाच्या वेगाला धापा टाकायचं, गाडी थरथरायची. टोयोटाने काय केलं? मोटारींची निर्यात तिकडे बंद केली, लँड क्रूझर विकत दुकान कसंबसं चालू ठेवलं आणि १९६५ मध्ये तिथल्या रस्त्यांना झेपेल अशी कोरोना घेऊन परत गेली. पुढच्याच वर्षी कोरोला आली. तिचे मुख्य अभियंता तात्सुओ हासेगावा पूर्वी विमानं बनवायचे. त्यांचं धोरण असं की गाडीला प्रत्येक विषयात किमान ८० गुण मिळाले पाहिजेत, आणि एखाद-दुसऱ्या विषयात त्याहून थोडे जास्त. कुठेही नापास नाही. २०२१ पर्यंत कोरोला नावाच्या ५ कोटींवर गाड्या विकल्या गेल्या.

या ८० गुणांत टोयोटाची कीर्ती आहे आणि तिच्यावरचा जुना आरोपही आहे. चालवायला मजा नाही, डॅशबोर्ड दोन पिढ्या मागचा, फीचर सगळ्यांत शेवटी येतात. खरं आहे. ही कंपनी चालू असलेला भाग विनाकारण बदलत नाही, आणि टिकाऊपणाचं निम्मं रहस्य तिथेच आहे. भाग नवा असतो तेव्हा तो कुठे मोडणार हे कुणालाच नीट माहीत नसतं, मग इंजिनिअर कुठल्याही देशाचा असो. टोयोटाने जिथे नवं काम घेतलं तिथे तिचीही तशीच फजिती झाली आहे. २०२२ मध्ये तिने पहिली मोठ्या प्रमाणावरची इलेक्ट्रिक गाडी बाजारात आणली, तिच्या चाकांचे बोल्ट ढिले होण्याची भीती निघाली आणि पहिल्या काही हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. अमेरिकेत टुंड्रा पिकअपला नवं व्ही-६ टर्बो इंजिन दिलं, त्यात मशिनिंगचा कचरा राहिल्याचं निघालं आणि २०२४ मध्ये सुमारे १ लाख गाड्या परत बोलावल्या. (१९९७ ची प्रियस हा मोठा अपवाद. पण त्या हायब्रिडवर कंपनी पुढची २५ वर्षं राबली आहे.)

माल परत बोलावणं म्हणजे नाव गेलं, असं आपल्याकडे समजतात. १९८९ चं उदाहरण बघा. लेक्सस हा महागड्या गाड्यांचा नवा ब्रँड अमेरिकेत येऊन तीनच महिने झाले होते. ब्रेकच्या दिव्याच्या वायरिंगची आणि क्रूझ कंट्रोलची तक्रार आली, तीही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या गिऱ्हाइकांकडून. कंपनीने विकलेल्या साधारण आठ हजार गाड्या सगळ्या परत बोलावल्या. माणसं घरी जाऊन गाडी घेऊन आली, दुरुस्त केली, धुतली, टाकी भरून परत केली. लेक्ससचं नाव त्या दोषामुळे खाली जाण्याऐवजी वर गेलं.

आता वाईट बाजू. २००८ मध्ये टोयोटा जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली, आणि ऑगस्ट २००९ मध्ये सान दिएगोजवळ एका लेक्ससचा वेग आवरेना, अपघातात चारजण गेले. गाडीत दुसऱ्याच मॉडेलची पायाखालची चटई टाकलेली होती, तिच्यात अॅक्सिलरेटर अडकला होता. पुढे पेडल चिकटण्याचा वेगळा दोषही निघाला, आणि लाखोंच्या लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. इलेक्ट्रॉनिक्समध्ये दोष आहे का, हे नासाच्या अभियंत्यांनी तपासलं. २०११ च्या अहवालात तसं कारण सापडलं नाही. पण चटई आणि पेडलबद्दल कंपनीने लोकांना आणि सरकारला दिशाभूल करणारं सांगितलं, म्हणून २०१४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याशी तडजोड करून १.२ अब्ज डॉलर भरावे लागले. माझ्या लेखी चटईपेक्षा हे लपवणं जास्त गंभीर. साकिचींचे पणतू आकिओ टोयोडा फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीसमोर उभे राहिले आणि कंपनी ज्या वेगाने वाढली तो वेग माणसं तयार करण्याच्या वेगाहून जास्त होता, असं त्यांनी कबूल केलं.

त्याहून मला अलीकडचं प्रकरण जास्त लागतं. दायहात्सु ही टोयोटाच्या पूर्ण मालकीची, लहान गाड्या बनवणारी कंपनी. डिसेंबर २०२३ मध्ये बाहेरच्या समितीने अहवाल दिला: ६४ मॉडेलांच्या चाचण्यांत गैरप्रकार, सगळ्यात जुना १९८९ चा. कारण काय, तर गाडी तयार करायची मुदत इतकी घट्ट आवळलेली की चाचणीत नापास होणं परवडणारच नव्हतं, आणि ‘वेळेत होणार नाही’ असं वर सांगायची कुणाची छाती नव्हती. ट्रक बनवणाऱ्या हिनोचं इंजिनांच्या प्रदूषण चाचण्यांचं प्रकरण त्याच्या आदल्या वर्षी बाहेर आलं होतं. जानेवारी २०२४ मध्ये तिसरी कंपनी निघाली: टोयोटा इंडस्ट्रीज. हीच ती मूळची मागाची कंपनी. डिझेल इंजिनाची ताकद प्रमाणपत्रासाठी मोजताना, आकडे नीटस यावेत म्हणून तिने विक्रीच्या गाडीत असतं त्याहून वेगळं सॉफ्टवेअर वापरलं होतं. धागा तुटताच थांबणारा माग जिने बनवला त्या कंपनीत माणसांना थांबवता आलं नाही. तीच इंजिनं आपल्याकडच्या इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्समध्ये असल्यामुळे इथेही काही दिवस गाड्या पाठवणं थांबलं होतं. इंजिनं खराब होती असं यात कुठे आलेलं नाही, तेही सांगितलं पाहिजे.

व्हेंडरच्या, म्हणजे सुटे भाग पुरवणाऱ्याच्या बाजूने आयुष्य काढल्यामुळे १९९७ ची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १ फेब्रुवारीला पहाटे कारियामधल्या आइसिन सेइकी या व्हेंडरचा कारखाना जळाला. टोयोटाच्या गाड्यांना मागच्या ब्रेकचा दाब सांभाळणारा एक छोटा व्हॉल्व्ह लागतो, तो जवळजवळ सगळा इथूनच यायचा. स्वस्तातला, मुठीत मावणारा भाग. साठा काही तासांपुरता. तीन-चार दिवसांत जपानमधले टोयोटाचे बहुतेक कारखाने ठप्प झाले. मग आइसिनने ड्रॉइंगं वाटली आणि साठाहून जास्त कंपन्यांनी आपापल्या मशिनवर ते व्हॉल्व्ह करायला घेतले. त्यात शिलाई यंत्रं बनवणारी ब्रदरसुद्धा होती. दराची घासाघीस आधी कुणी केली नाही. आठवडाभरात लाइन पुन्हा चालू झाल्या. आमच्याकडे व्हेंडरला दर वर्षी भाव पाडून मागायचा आणि अडचणीच्या वेळी ‘आपण पार्टनर आहोत’ म्हणायचं, ही रीत पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट विसरता येत नाही.

आपल्याकडची टोयोटा. १९८० च्या दशकात डीसीएमबरोबर छोटे ट्रक झाले, ते फार चालले नाहीत. मग १९९७ मध्ये किर्लोस्करांबरोबर कंपनी निघाली, बेंगळुरूजवळ बिडदीला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर बनवले, त्याच घराण्यातले विक्रम किर्लोस्कर इथे भागीदार होते (२०२२ मध्ये ते गेले). दोन घराण्यांची सोबत मोटारीतून सुरू झाली नव्हती. त्याआधी १९९५ मध्ये किर्लोस्कर-टोयोडा ही कापडउद्योगाची यंत्रं बनवणारी कंपनी निघाली होती. ३१ जुलै २०२४ ला छत्रपती संभाजीनगरजवळच्या नव्या कारखान्यासाठी महाराष्ट्र सरकारशी सामंजस्य करार झाला.

जानेवारी २००० मध्ये क्वालिस आली तेव्हा तिची टर चांगलीच उडवली गेली. इंडोनेशियात विकून जुनी झालेली किजांग, खोक्यासारखा आकार, टर्बो नसलेलं जुन्या धाटणीचं २.४ लिटर डिझेल. पण सुमो आणि ट्रॅक्स चालवणाऱ्या ड्रायव्हर लोकांना आठवड्याभरात कळलं की ही गॅरेजला जात नाही. २००५ मध्ये, क्वालिस जोरात खपत असताना, कंपनीने ती बंद केली आणि इनोव्हा आणली. तुम्ही बघताय ती इनोव्हा हायलक्स पिकअप आणि फॉर्च्युनर यांच्या बरोबरीने, एकाच प्रकल्पात तयार झाली. खाली लॅडर फ्रेम, म्हणजे शिडीसारखी दणकट चौकट, मागच्या चाकांना ताकद. थायलंड-इंडोनेशियातले ओझ्याचे रस्ते डोळ्यांसमोर ठेवून ही बांधणी केलेली आहे, म्हणून सात माणसं आणि टपावर सामान घेऊन ती आंबेनळी घाट कुरकूर न करता चढते. २०१० अखेरची इटिऑस मात्र टोयोटाचा अंदाज चुकल्याचा नमुना. गाडी टिकली, टॅक्सीवाल्यांनी उचलली, पण तेवढ्या पैशात आतून इतकी रुक्ष गाडी घरगुती गिऱ्हाइकाला नको होती.

आणि एक सावधगिरी. ग्लान्झा म्हणजे मारुतीची बलेनो, रुमिऑन म्हणजे अर्टिगा. चांगल्या गाड्या आहेत, पण इनोव्हाचं नाव ऐकून त्या घेत असाल तर बिल्ला बघताय, गाडी नाही.

आता तुमची गाडी. मी गेलो तर काय बघेन ते सांगतो.

पहिलं, मीटरवर विश्वास नको. मीटरवर दोन लाख दाखवणारी इनोव्हा साडेतीन लाख किलोमीटर सहज फिरलेली असू शकते, आणि टिकते म्हणूनच तिचं मीटर मागे घेणं फायद्याचं ठरतं. गाडीचा नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून जुन्या नोंदी मागवा. आरसीवर आधी टुरिस्ट पासिंग होतं का बघा. स्टिअरिंग, पेडलचे रबर आणि ड्रायव्हरच्या सीटची कड किती झिजली आहे यावरून खरं किलोमीटर कळतं, ते कुणी बदलायच्या भानगडीत पडत नाही.

या २.५ इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवणारा पट्टा. नंतरच्या इनोव्हा क्रिस्टाला त्याजागी साखळी आहे, या गाडीला नाही. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि मोठा खर्च बसतो. बदलल्याचं बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच धरा आणि तेवढे पैसे किमतीतून वजा करा.

सकाळी थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. तुम्ही पोहोचण्याआधी बोनेट गरम असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडा. थोडी वाफ चालेल, पण भसाभसा धूर वर येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे आतला दाब पिस्टनच्या बाजूने खाली गळतोय आणि इंजिनचं मोठं काम निघालं. रेस केल्यावर काळा धूर राहत असेल तर इंजेक्टर तपासायला लागतील, आणि कॉमन-रेल इंजेक्टरचा सेट स्वस्त नसतो. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दाबून बघा. इंजिनचा आवाज वाढतो आणि गाडी पुढे जात नाही, तर क्लच संपला आहे.

गाडी लिफ्टवर घ्या. कोकणातली किंवा मुंबईच्या किनाऱ्याची असेल तर फ्रेम हातोडीच्या दांड्याने ठोकत पुढून मागे जा. अमेरिकेत टोयोटाच्याच टाकोमा पिकअपच्या फ्रेम गंजल्या म्हणून कंपनीला मोठी भरपाई कबूल करावी लागली होती. बॉडी रंगवता येते, कुजलेल्या फ्रेमवर उपाय नाही. लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट गेलेले असणारच, तो नेहमीचा खर्च समजा.

गाडी पंधरा वर्षांच्या जवळ असेल तर पुन्हा नोंदणी आणि पर्यावरण कर यांचा हिशोब आधी करा. आणि घरासाठी घेताय म्हणून सांगतो: त्या काळच्या खालच्या मॉडेलांना एअरबॅग नसायच्या. टिकणं वेगळं आणि धडकेत माणूस वाचवणं वेगळं. वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर, तेही गावातल्या गावात फिरणार असाल तर ही गाडी घेऊच नका, ती अलीकडची, एअरबॅग असलेली गाडी घ्या. दर महिन्याला गावी सहा-सात माणसं घेऊन जाणार असाल आणि वरचं सगळं ठीक निघालं, तर मालक मागतोय त्यातून बेल्ट, क्लच आणि बुश यांचे पैसे कापून बोली लावा. तो म्हणेल, ‘टोयोटा आहे.’ म्हणू द्या. बेल्टचं बिल दाखवा म्हणा.